रांग सोडून जाताना

पत्र: नमस्कार. आम्ही तिघं मिळून सी भाषेत एक छोटा डेटाबेस सर्व्हर लिहितोय. प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस, लॉकचं टेबल सगळ्या प्रोसेसना दिसणाऱ्या शेअर्ड मेमरीत. लॉक मोकळं नसलं की प्रोसेस रांगेत नाव लावते आणि सेमाफोरवर (उठवेपर्यंत झोपवून ठेवणाऱ्या मोजणीवर) झोपते. अडचण अशी, की झोपलेली प्रोसेस ‘रद्द कर’ म्हटलं तरी ऐकायची नाही. म्हणून मी सिग्नल हँडलरमधूनच (सिग्नल आला की चालणाऱ्या फंक्शनमधूनच) लाँगजम्प मारून, म्हणजे मधलं सगळं सोडून, थेट मुख्य लूपमध्ये परतायची सोय केली. परतल्यावर प्रोसेस म्युटेक्स (रांगेला एका वेळी एकच हात लागू देणारं छोटं लॉक) घेऊन रांगेत स्वतःचं नाव शोधते, सापडलं तर काढते, नाही सापडलं तर काहीच करत नाही. सुरुवातीला छान चाललं. आता तीन गोष्टी छळतायत. एका कनेक्शनवर पहिलं रद्द चालतं, त्याच कनेक्शनवर दुसरं कधीच चालत नाही. अधूनमधून एखादं टेबल कायमचं अडकतं, आणि लॉक ज्या प्रोसेसच्या नावावर दिसतं ती म्हणते माझ्याकडे काहीच नाही. आणि कधीकधी रांगेतले सगळे झोपलेले असतात, पण त्यांना अडवणारं कुणीच नसतं. एक सहकारी म्हणतो, वाट बघताना सगळे सिग्नल बंदच करून टाक. दुसरा म्हणतो, अडकली प्रोसेस की किल मायनस नाइन, म्हणजे जागीच ठार. मला दोन्ही पटत नाही, पण माझं काय चुकतंय तेही सापडत नाही. — रांगेत अडकलेली

उत्तर:

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तीन लक्षणं तुम्ही वेगवेगळी करून लिहिलीत म्हणून निम्मं काम सोपं झालं. बहुतेक जण ‘कधीकधी हँग होतं’ एवढंच लिहितात, आणि मग तीन वेगळे बग एकच समजून महिनोन् महिने त्यांच्या मागे धावतात. तुमचे तीन बग खरोखर तीन आहेत. पण तिघांचा जन्म एकाच समजुतीतून झालाय. ती समजूत अशी, की वाट बघणं सोडून देणं ही प्रोसेसची खाजगी बाब आहे, मनात आलं की उठून चालू पडता येतं. रांगेत नाव लावलंत त्या क्षणी तुमचं नाव शेअर्ड मेमरीत गेलं. तिथून पुढे ते दुसऱ्यांच्या हिशेबात धरलं जातं.

सोपं लक्षण आधी संपवू. पहिलं रद्द चालतं आणि दुसरं चालत नाही, याचं कारण जवळजवळ नक्कीच सिग्नल मास्क आहे, म्हणजे सध्या कुठले सिग्नल अडवायचे याची यादी. हँडलर चालू असेपर्यंत कर्नल तोच सिग्नल त्या प्रोसेससाठी अडवून ठेवतो आणि हँडलर नीट परतला की मोकळा करतो. तुमचा हँडलर परततच नाही, मधूनच उडी मारून निघून जातो. लिनक्सवर साधा सेटजम्प सिग्नल मास्क जपून ठेवत नाही, त्यामुळे लाँगजम्पनंतर रद्दचा सिग्नल, सिगइंट, अडवलेलाच राहतो. सिगसेटजम्प आणि सिगलाँगजम्प ही जोडी वापरली, आणि मास्क जपायला सांगितला, तर हे लक्षण जाईल. पण एवढंच करून थांबू नका. ताप उतरेल, आजार तसाच राहील.

आजार हा, की सिग्नल प्रोसेसला कुठेही गाठू शकतो. मॅलॉकच्या (मेमरी मागणाऱ्या फंक्शनच्या) आत, लॉग लिहिताना, शेअर्ड मेमरीतल्या यादीचे दोन पॉइंटर बदलायचेत त्यातला एक बदलून झाला असताना. तिथून उडी मारलीत तर अर्धवट राहिलेलं काम कुणीही पूर्ण करत नाही. ‘मी फक्त झोपलेली असतानाच उडी मारते, तसा फ्लॅग ठेवलाय,’ असं तुम्ही म्हणाल. फ्लॅग लावणं आणि प्रत्यक्ष झोपणं, उठणं आणि फ्लॅग काढणं, या दोन्हींच्या मध्ये फटी आहेत. कितीही अरुंद असल्या तरी आहेत, आणि दिवसाला लाखो वेळा लॉक घेणाऱ्या सर्व्हरमध्ये अरुंद फट पुरेशी मोठी ठरते.

हे मी अनुभवाने सांगतोय. फार पूर्वी एका ठिकाणी आमच्या सर्व्हरचा हँडलर ‘रद्द झालं’ अशी एक निरुपद्रवी ओळ लॉगमध्ये लिहायचा. ती ओळ तयार करताना मॅलॉक व्हायचा. सिग्नल आला तेव्हा प्रोसेस आधीच मॅलॉकच्या आत, त्याचं अंतर्गत लॉक धरून बसलेली असली, की हँडलर त्याच लॉकची वाट बघत कायमचा उभा. प्रोसेस स्वतःच स्वतःला अडवून बसलेली. ते शोधायला मला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत दुरुस्ती करायला गेलेलं प्रत्येक पाऊल मी चुकीच्या दिशेने टाकत होतो, कारण हँडलरकडे माझं लक्षच जात नव्हतं. त्यात ‘फक्त एक ओळ’ होती ना.

म्हणून हँडलरचं काम इतकं कमी करा की त्यात चुकायला जागाच उरू नये. सिग-ॲटॉमिक-टी प्रकारचा, व्होलाटाइल असा एक फ्लॅग लावायचा: ‘रद्द करायचंय’. झोपलेल्याला जागं करायचं. आत शिरताना एर्नो (शेवटच्या चुकीचा क्रमांक) जपून ठेवायचा आणि जाताना परत ठेवायचा, नाहीतर ज्या सिस्टिम कॉलच्या मध्ये सिग्नल आला त्याच्या चुकीचं कारण हँडलर पुसून टाकेल. एवढं करून परतायचं. लॉक घ्यायचं नाही, मेमरी मागायची नाही, लॉग लिहायचा नाही, शेअर्ड यादीला हात लावायचा नाही. पोसिक्स या प्रमाणाने हँडलरमधून बोलवायला सुरक्षित अशा फंक्शनांची यादी दिलेली आहे. तिच्यात मॅलॉक किंवा प्रिंटएफ नाही.

आता ‘झोपलेल्याला जागं करायचं’ हे तीन शब्द लिहायला सोपे आहेत, पण तुमचा सेमाफोर इथेच अडवतो. प्रोसेसने फ्लॅग तपासला, तो कोरा होता, आणि ती झोपायला निघाली. नेमका त्याच क्षणी सिग्नल आला, हँडलरने फ्लॅग लावला आणि परतला. आता प्रोसेस झोपते. फ्लॅग लागलेला आहे, पण तो बघायला जागं कुणी नाही. ‘सिग्नल आला की सेमाफोरचा कॉल ईइंटर (‘मध्येच सिग्नल आला’ ही चूक) देऊन परततो, तेव्हा तपासेन’ हा उपाय पुरत नाही, कारण इथे सिग्नल झोपण्याच्या आधीच येऊन गेला. शिवाय सेमाफोर पोसिक्सचा असेल आणि हँडलर बसवताना एसए-रीस्टार्ट हा पर्याय लावलेला असेल, तर लिनक्सवर तो कॉल परतत देखील नाही, आपला आपण पुन्हा सुरू होतो.

यावरची जुनी, खात्रीची युक्ती म्हणजे स्वतःलाच जोडलेला पाइप. हँडलर त्या पाइपमध्ये एक बाइट लिहितो, आणि झोपणारी प्रोसेस पोल किंवा ईपोल वापरून पाइपच्या दुसऱ्या टोकावर झोपते. बाइट झोपण्याच्या आधी पडला असला तरी तो पाइपमध्ये राहतो, त्यामुळे झोप लागतच नाही. पाइपची दोन्ही टोकं नॉन-ब्लॉकिंग ठेवा. नाहीतर पाइप भरला की हँडलरच अडकून पडेल. पोस्टग्रेस या प्रसिद्ध डेटाबेस सर्व्हरमध्ये या कल्पनेला लॅच म्हणतात. पूर्वी त्याच्या आत हाच पाइप असायचा. १४व्या आवृत्तीपासून लिनक्सवर सिग्नलएफडी आणि बीएसडीवर केक्यू वापरतात, पण वापरणाऱ्याला मिळणारी हमी तीच. एक क्रम मात्र पाठ करा: उठलात की आधी लॅच मोकळं करायचं (पाइपमधले बाइट काढून टाकायचे), मग फ्लॅग आणि लॉकची स्थिती तपासायची, आणि मगच पुन्हा झोपायचं. आधी तपासून मग लॅच मोकळं केलंत तर दोन्हींच्या मध्ये आलेला निरोप तुमच्याच हाताने पुसला जातो.

आणखी एक. जाग आली म्हणजे लॉक मिळालं असं समजू नका. लॅच कुणीही, कशासाठीही हलवू शकतं. लॉक मिळालं की नाही याचा एकच पुरावा मानायचा, तो म्हणजे शेअर्ड मेमरीतलं तुमच्या नावापुढचं स्थितीचं खानं. ते ‘वाट बघतोय’ सांगत असेल तर पुन्हा झोपायचं.

तुम्ही केलंत तसं आपण एकट्यानेच केलं, असं मनाला लावून घेऊ नका. पोस्टग्रेसमध्येही वर्षानुवर्षं हीच रचना होती. लॉकची वाट बघताना ‘आता लगेच इंटरप्ट घेतला तरी चालेल’ असा एक फ्लॅग लागायचा आणि हँडलर थेट एरर फेकून लांब उडी मारायचा. डेडलॉकची (प्रोसेस एकमेकींच्या लॉकची वाट बघत अडकल्यात का याची) तपासणीसुद्धा टाइमरच्या हँडलरमध्येच चालायची. अत्यंत अनुभवी माणसांनी काळजीपूर्वक लिहिलेला तो कोड होता, तरी त्यावर विचार करणं इतकं अवघड होत गेलं की २०१५ साली, ९.५ आवृत्तीच्या कामात, ही सगळी रचनाच काढून टाकली. आता टाइमर वाजला की हँडलर फक्त ‘डेडलॉक तपासायची वेळ झाली’ असा फ्लॅग लावतो आणि लॅच हलवतो. झोपेच्या लूपमध्ये प्रोसेस स्वतः उठते, लॅच मोकळं करते, तो फ्लॅग असेल तर डेडलॉक तपासते, आणि मग चेक-फॉर-इंटरप्ट्स करते, म्हणजे रद्दचा फ्लॅग बघते. रद्द होणं घडतं ते फक्त या शेवटच्या ठिकाणी. कोडमधली एक ठरलेली, डोळ्यांनी दिसणारी जागा. त्या जागी कुठलं म्युटेक्स धरलेलं नाही, कुठली यादी अर्धवट नाही, हे वाचून पटवता येतं. तुमचा सर्व्हर लहान आहे तोवरच हा बदल करून घ्या.

आता दुसरं लक्षण. मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते यावरच.

‘नाव सापडलं नाही तर काहीच करत नाही’ असं तुम्ही लिहिलंत. टेबल कायमचं अडकतंय ते या वाक्यामुळे. नाव रांगेत सापडलं नाही याचा अर्थ काय? तुम्ही ते काढलं नाहीत, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी काढलं. आणि रांगेतून दुसऱ्याचं नाव काढलं जातं ते बहुतेक वेळा एकाच कारणाने: त्याला लॉक मिळालं. तुमच्या रचनेत (आणि पोस्टग्रेसच्याही) लॉक सोडणारी प्रोसेसच पुढच्याच्या हातात लॉक ठेवून जाते. ती म्युटेक्स घेते, तुमचं नाव रांगेतून काढते, लॉकच्या टेबलात ‘हे आता यांचं’ असं लिहिते, तुमची स्थिती ‘मिळालं’ करते, आणि मग तुम्हाला हलवून उठवते. तुम्ही अजून झोपेत आहात. तुमच्या खाजगी मेमरीला यातलं काही माहीत नाही. त्याच क्षणी वापरणाऱ्याने रद्द केलं. तुम्ही मुख्य लूपमध्ये परतलात, रांगेत नाव शोधलंत, सापडलं नाही, काही केलं नाहीत. व्यवहार (ट्रान्झॅक्शन) संपवताना तुमची प्रोसेस स्वतःच्या खाजगी यादीतली लॉक्स सोडते, आणि या लॉकची नोंद त्या यादीत कधी झालीच नाही. शेअर्ड टेबल म्हणतं लॉक तुमचं. तुम्ही म्हणता माझ्याकडे काहीच नाही. दोघंही आपापल्या परीने खरं बोलतायत.

म्हणजे रांग सोडण्याचं काम असं लिहायला हवं: आधी इंटरप्ट रोखायचे, म्हणजे आवराआवर चालू असताना दुसरं रद्द येऊन मध्ये पडणार नाही. मग ज्या म्युटेक्सखाली रांग बदलते तेच म्युटेक्स घ्यायचं. दुसरं कुठलं चालणार नाही, आणि म्युटेक्सशिवाय तर ‘नुसतं डोकावून’ सुद्धा बघायचं नाही. आता विचारायचं, मी अजून रांगेत आहे का? असेन तर नाव काढायचं आणि मागणीचे आकडे कमी करायचे. नसेन, आणि स्थिती ‘मिळालं’ असेल, तर ते लॉक स्वीकारायचं: खाजगी यादीत त्याची रीतसर नोंद करायची, जणू काही आपण नेहमीसारखेच उठलो. हे पहिल्यांदा ऐकताना उलटं वाटतं. नको असलेलं लॉक का घ्यायचं? कारण ते आधीच तुमचं झालंय. नोंद झाली की व्यवहार मागे फिरवताना तेही इतर लॉक्सबरोबर सुटतं, आणि सोडण्याचा जो एकच, तावूनसुलाखून निघालेला रस्ता आहे त्यानेच सुटतं. रांगेत नसेन आणि मिळालंही नसेल, म्हणजे डेडलॉक तपासणाऱ्याने आधीच बाहेर काढलेलं असेल, तर मात्र खरंच काही करायचं उरत नाही.

पोस्टग्रेसमधलं लॉक-एरर-क्लीनअप हे फंक्शन नेमकं हेच करतं, आणि ते लहान आहे. एकदा बसून ओळ न् ओळ वाचा. तिथे आणखी एक शहाणपण दिसेल. ‘मी सध्या कुठल्या लॉकची वाट बघतेय’ ही एक खाजगी नोंद असते. ती कोरी असेल तर फंक्शन रांगेला न शिवताच परततं. त्यामुळे ते दोनदा बोलावलं तरी बिघडत नाही, आणि एररच्या प्रत्येक वाटेवर निर्धास्तपणे ठेवता येतं.

रद्द आणि लॉक एकदम आले तर कुणाचं ऐकायचं, हा प्रश्न तुम्हाला पडेल. पोस्टग्रेस रद्दचं ऐकतं. तुम्ही लॉक घेऊन पुढे गेलात आणि पुढच्या तपासणीच्या जागी रद्द झालात तरी चालेल. दोन्हींत हिशेब जुळतो, आणि माझा आग्रह तेवढाच आहे.

तिसरं लक्षण, सगळे झोपलेले आणि अडवणारं कुणीच नाही. एक उदाहरण घ्या. पहिली प्रोसेस टेबल वाचतेय, तिच्याकडे वाचण्याचं हलकं लॉक आहे. दुसरीला टेबलाची रचना बदलायचीय, तिला पूर्ण एकाधिकाराचं लॉक हवं, म्हणून ती रांगेत उभी. तिच्या मागे तिसरी, चौथी, पाचवी, सगळ्यांना फक्त वाचायचंय. पहिलीशी त्यांचं काहीच भांडण नाही. त्या थांबल्यात ते दुसरीला मान देऊन, नाहीतर बिचारीचा नंबर कधी लागायचाच नाही. आता दुसरीने रद्द केलं आणि नाव काढून निघून गेली. लॉक कुणी सोडलेलंच नाही, त्यामुळे सोडणाऱ्याने रांग पुढे सरकवायचा प्रश्नच आला नाही. तिसरी, चौथी, पाचवी तशाच झोपून. पहिलीने तासाभराने व्यवहार संपवला तर तेव्हा कुठे त्या हलतील, म्हणूनच तुम्हाला हे ‘कधीकधी’ दिसतं. आणि रांगेची तपासणी नीट झाली नाही तर तेव्हाही नाही.

म्हणून नाव काढल्यानंतर, म्युटेक्स सोडण्याच्या आधी, रांग एकदा पुन्हा पाहायची आणि ज्यांचा रस्ता आपल्या जाण्याने मोकळा झाला त्यांना लॉक देऊन उठवायचं. लॉक सोडताना जे फंक्शन रांग पुढे सरकवतं तेच इथे वापरा. दुसरं लिहू नका, दोन प्रती झाल्या की त्यातली एक मागे राहतेच.

रांग सोडताना याखेरीजही काही देणी फेडायची असतात. डेडलॉकचा आणि लॉक-टाइमआउटचा टाइमर बंद करायचा, नाहीतर तो नंतर भलत्याच क्वेरीच्या मध्ये वाजेल. वाट बघण्याआधी कुठला शेअर्ड आकडा वाढवला असेल तर तो कमी करायचा. पोस्टग्रेसमध्ये हलकी लॉक्स झटपट देण्याचा एक जवळचा रस्ता आहे, ९.२पासून. कुणी जड लॉक मागायला आलं की एक आकडा वाढवून तो रस्ता बंद करतं. ते मध्येच रद्द झालं आणि आकडा तसाच राहिला, तर सर्व्हर अडकणार नाही, चुकणार नाही, नुसता कायमचा हळू होईल. असा बग मला हँग होण्यापेक्षाही जास्त धास्तावतो, कारण त्याची तक्रार घेऊन कुणी येत नाही. आणि रद्द का झालं ते खरं सांगा. लॉक-टाइमआउट झाला तर पोस्टग्रेस ५५पी०३ हा कोड देतं, वापरणाऱ्याने रद्द केलं तर ५७०१४, डेडलॉक असेल तर ४०पी०१. पहिल्या दोघांत फ्लॅग आतून एकच लागतो, पण टाइमर बंद करताना ‘तो वाजला होता’ ही खूण मुद्दाम जपून ठेवलेली आहे. पुन्हा प्रयत्न करायचा की नाही हे क्लायंट त्या कोडवरून ठरवतो.

तुमच्या सहकाऱ्यांबद्दल. पहिल्याचा सल्ला चुकीच्या जागी दिलेला बरोबर सल्ला आहे. दोन प्रकारची लॉक्स वेगळी समजा. रांगेचं रक्षण करणारं तुमचं म्युटेक्स काही क्षणांसाठी धरलं जातं; ते हातात असताना इंटरप्ट रोखायलाच हवेत, आणि त्याची वाट बघताना रद्द ऐकलं नाही तरी कुणाचं नुकसान नाही. पोस्टग्रेसची एलडब्ल्यू-लॉक्स (शेअर्ड मेमरी राखणारी अंतर्गत लॉक्स) अशीच वागतात: हातात असेपर्यंत रद्दवर कृती होत नाही. डेटातल्या बदलांचा लॉग (बिघाडानंतर ज्यातून सावरतात तो) लिहिण्याच्या नाजूक भागात तर नियम आणखी कडक आहे, तिथे साधी एरर आली तरी तिचा पॅनिक होतो, म्हणजे सगळा सर्व्हरच खाली येतो. टेबलाचं लॉक मात्र माणसाच्या मर्जीवर धरलेलं असतं. कुणी व्यवहार उघडून जेवायला गेलं तर ते तासभर सुटणार नाही. तिथे कान बंद करून झोपणं म्हणजे सर्व्हर बंद करायलाही कुणाला वाव न ठेवणं. आणि रोखायचं ते सिग्नल घेणं नाही, त्यावरची कृती रोखायची. फ्लॅग लागू द्या. एक मोजणी ठेवा, शून्य असेल तरच तपासणीच्या जागी फ्लॅगकडे बघा. म्युटेक्स घेताना ती एकाने वाढते, सोडताना एकाने कमी होते.

दुसऱ्या सहकाऱ्याला प्रेमाने पण ठामपणे नाही म्हणा. किल मायनस नाइनने मेलेली प्रोसेस मरताना काय धरून होती हे कुणालाच सांगता येत नाही. शेअर्ड मेमरीवर मग विश्वास ठेवता येत नाही. पोस्टग्रेस अशा वेळी तो ठेवतच नाही: एक बॅकएंड (एका कनेक्शनची प्रोसेस) असा मेला की मुख्य प्रोसेस बाकीच्या सगळ्यांना बंद करते, शेअर्ड मेमरी नव्याने मांडते आणि लॉगमधून सावरते. एका अडकलेल्या क्वेरीपायी सगळ्यांची कनेक्शन्स जातात. तुमच्या सर्व्हरमध्ये ही सोय अजून नसेल तर परिणाम याहून वाईट, मेलेल्याच्या नावावरची लॉक्स तशीच राहतील.

पुढेमागे प्रोसेसऐवजी थ्रेड वापरायचं ठरवलंत तर सिग्नलचा त्रास कमी होईल. मायएसक्यूएलमध्ये किल म्हटलं की त्या थ्रेडपुढे फ्लॅग लागतो आणि थ्रेड सोयीच्या जागी तो बघतो. पण रांग सोडण्याचा हिशेब इथे सांगितला तसाच राहतो. थ्रेड बाहेरून तोडून टाकण्याच्या वाटेला जाऊ नका.

राहिली चाचणी. ‘अधूनमधून होतं’ असल्या बगची वाट बघत बसू नका, तो हुकमी घडवता येतो. पहिल्या प्रोसेसने लॉक घ्यावं, दुसरीने त्याच लॉकसाठी झोपावं. दुसरीला सिगस्टॉप पाठवा, ती गोठेल. आता पहिलीला लॉक सोडू द्या, म्हणजे ते दुसरीच्या नावावर जमा होईल. दुसरीला सिगइंट पाठवा, आणि मग सिगकाँट. ती जागी होईल तेव्हा लॉक आणि रद्द दोन्ही तिच्या दारात एकदम उभे असतील, दरवेळी. मध्ये एका सेकंदाहून जास्त थांबलात तर डेडलॉकचा टाइमरही सोबत वाजेल (पोस्टग्रेसमध्ये त्याची मूळ मुदत १ सेकंदच आहे), आणि डेडलॉक तपासणाराही ‘मी अजून रांगेत आहे का’ हे आधी विचारतो की नाही, ते त्याच फेरीत कळेल. शेवटी तिसऱ्या प्रोसेसने तेच लॉक मागावं. ते लगेच मिळालं पाहिजे. दुसरी चाचणी वाचणाऱ्या, बदलणाऱ्या आणि पुन्हा वाचणाऱ्या अशा तिघींची: मधली रद्द करा, आणि पहिली अजून वाचत असतानाच तिसरी उठते का ते बघा. तिसरी चाचणी सर्वांत सोपी, एकाच कनेक्शनवर लागोपाठ दोन वेळा रद्द.

कोडच्या मधोमध, ठरावीक ओळीवर प्रोसेस थांबवायची असेल तर तशा कृत्रिम थांब्यांची सोय स्वतःच करून ठेवा. पोस्टग्रेसने १७व्या आवृत्तीत, २०२४ साली, इंजेक्शन पॉइंट नावाने हीच सोय आणली, कारण अशा फटी त्याशिवाय चाचणीत पकडता येत नाहीत.

या तीन चाचण्या आजच्या कोडवरच आधी चालवा, लाँगजम्प काढण्याच्या आधी. तिन्ही नापास झाल्या पाहिजेत. एखादी पास झाली तर माझं निदान तेवढ्यापुरतं चुकलंय, आणि मग कुठली पास झाली तेवढं मला लिहून कळवा, सोबत तुमचं रांगेत नाव लावण्याचं फंक्शन पाठवा. तिन्ही नापास झाल्या तर सुरुवात हँडलर रिकामा करण्यापासून करा, मग लॅच, मग रांग सोडण्याचं फंक्शन, याच क्रमाने.